वॉर्साचे जुने शहर किती जुने?

युरोपातील राजधान्या पाहावयास जाणारा प्रवासी बहुधा जुनेपणाच्या शोधात असतो. रोममध्ये तो दोन हजार वर्षांच्या भिंतीला हात लावून पाहतो. प्रागच्या पुलावर उभा राहिला की त्याचे मन सहा शतके मागे जाते. पोलंडची राजधानी वॉर्सा मात्र अशा प्रवाशाची थोडी फसगत करते. जुन्या शहराच्या चौकात चोहोबाजूंनी अरुंद, उंच, रंगीत घरे दाटीने उभी आहेत, मधोमध तलवार उगारलेली जलपरी आहे, बाजूच्या बोळांतून फरसबंदीवर घोडागाड्यांचा आवाज येतो. सतराव्या शतकात आल्यासारखे वाटते खरे. पण हा चौक लोकांना खुला झाला तो २२ जुलै १९५३ रोजी! म्हणजे आपणांपैकी काही श्रोत्यांपेक्षा ही 'जुनी' घरे वयाने धाकटी आहेत.

मग जुने शहर गेले कोठे? १ ऑगस्ट १९४४ रोजी वॉर्साच्या नागरिकांनी जर्मन सत्तेविरुद्ध उठाव केला. त्रेसष्ट दिवस ते लढले आणि हरले. उरलेल्या नागरिकांना गावाबाहेर काढण्यात आले आणि मग, लढाई संपल्यावर, जर्मनांची खास पथके गल्लोगल्ली फिरून घरे पेटवू लागली, सुरुंग लावू लागली. युद्धात गावे पडतात, त्याचे आपणांस नवल नाही. पण शत्रूची स्मृतीच उरू नये म्हणून रिकामे शहर सावकाशीने पाडणे हा प्रकार निराळा आहे. १७ जानेवारी १९४५ रोजी रशियन सैन्य आत शिरले, तेव्हा जुन्या शहराचा पाचांतला चार भागांहून अधिक भाग जमीनदोस्त झाला होता.

राजधानी दुसरीकडे न्यावी, असा विचार तेव्हा बोलला गेला. पण लोक आधीच ढिगाऱ्यांत परतू लागले होते. महिन्याभरातच राजधानीच्या पुनर्बांधणीसाठी कचेरी निघाली. यान झाखवातोविच या वास्तुविशारदाने आग्रह धरला की, जे हेतुपूर्वक पुसले गेले ते पुन्हा लिहिलेच पाहिजे. साधन काय होते? वॉर्साच्या तंत्रविद्यालयातील अध्यापक व विद्यार्थी यांनी जुन्या घरांची केलेली मापे आणि नकाशे! युद्धाच्या धामधुमीत ते शहराबाहेर नेऊन पिओत्रकुव्ह येथील एका मठात लपविले होते. शिवाय बेर्नार्दो बेलोत्तो या इटालियन चित्रकाराने अठराव्या शतकात राजा स्तानिस्लाव ऑगस्ट याच्यासाठी रंगविलेली शहराची चित्रे होती. नाझींनी ती पळविली होती. युद्धानंतर ती परत आली आणि राजवाड्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरील काही दर्शनी भाग बांधताना उपयोगी पडली.

आता गंमत पाहा. हे सारे 'होते तसे' बांधले असे आपण म्हणतो. पण ते अक्षरशः खरे नाही. सेंट जॉनच्या प्रार्थनामंदिराचा दर्शनी भाग १८३६ ते १८४० मध्ये इंग्रजी गॉथिक धाटणीने नवा केलेला होता. १९३९ सालच्या वॉर्साकराने तोच पाहिला होता. झाखवातोविचने तो सोडून दिला आणि त्याहून प्राचीन, साध्या विटांच्या गॉथिक रूपाची कल्पना करून नवा दर्शनी भाग उभारला. चौकाभोवतीच्या घरांतूनही एकोणिसाव्या शतकातील पुष्कळशी भर गाळली गेली. दर्शनी भाग जुना ठेवून आत नव्या सोयींची बिऱ्हाडे केली. म्हणजे भूतकाळाची नक्कल झाली नाही, निवड झाली. माझ्या मते ही निवड दोषास्पद नाही. पण निवड झाली हे विसरून चालणार नाही. युनेस्कोने १९८० साली जुन्या शहराला जागतिक वारशात स्थान दिले, तेही या पुनर्बांधणीचाच गौरव म्हणून.

राजवाड्याची कथा अशीच. बाँबने लागलेल्या आगीत १७ सप्टेंबर १९३९ रोजी सव्वाअकरा वाजता त्याच्या मनोऱ्यावरचे घड्याळ बंद पडले. पुढे १९४४ मध्ये वाडाच उडवून दिला. १९७१ साली लोकवर्गणीने बांधकाम सुरू झाले आणि १९ जुलै १९७४ रोजी घड्याळ पुन्हा सुरू केले, तेही सव्वाअकरालाच.

या शहरात मराठी माणसाला एक ओळखीचे नाव भेटते. मोन्ते कासिनोच्या युद्धस्मारकाजवळ कोल्हापूरचे स्मरण करणारी शिळा आहे. रशियात हद्दपार झालेले सुमारे पाच हजार पोलिश लोक १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत राहिले होते; त्यांत बायका-मुलेच बहुसंख्य होती.

परंतु वॉर्सात एक भाग असा आहे की, जेथे काहीच पुन्हा उभारले गेले नाही. युद्धापूर्वी शहरातील जवळजवळ दर तिसरा माणूस ज्यू होता. १९४० मध्ये भिंत घालून चार लाखांहून अधिक ज्यूंना कोंडले. १९४२ च्या उन्हाळ्यात बहुतेकांना त्रेब्लिंका येथे नेऊन मारले. उरलेल्यांनी १९ एप्रिल १९४३ रोजी शस्त्र उचलले. तो लढा चिरडल्यावर १६ मे रोजी मोठे सिनेगॉग सुरुंगाने उडविण्यात आले. त्या जागी आज एक उंच निळी इमारत आहे. सिनेगॉग पुन्हा बांधा असे म्हणणारे फारसे कोणी जिवंतच राहिले नव्हते.

भिंत जेथून जात होती तेथे आता पदपथात लोखंडी पट्ट्या बसविल्या आहेत. तिच्या आत असलेल्या मुरानुव्ह भागात ढिगारा इतका होता की तो हलविणे अशक्य ठरले. म्हणून त्यावरच, त्यातल्याच विटांचा चुरा सिमेंटात मिसळून, नवी घरे बांधली. आजही त्यांतील कित्येक घरांच्या दाराशी जाण्यासाठी रस्त्यावरून पायऱ्या चढून जावे लागते.