उपजिल्हा रुग्णालय (पेण व रोहा, जि. रायगड)

ग्रामीण रुग्णालयाच्या वरचे आणि जिल्हा रुग्णालयाच्या खालचे सरकारी रुग्णालय. महाराष्ट्रात ग्रामीण रुग्णालयाला साधारणपणे 30 खाटा असतात, तर उपजिल्हा रुग्णालयाला 50 किंवा 100. रायगड जिल्ह्यात पेण आणि रोहा या तालुक्यांच्या गावी अशी रुग्णालये आहेत. ती अलिबागच्या जिल्हा शल्यचिकित्सकांच्या अखत्यारीत येतात आणि रोजचा कारभार वैद्यकीय अधीक्षक पाहतात. खेड्यातली प्राथमिक आरोग्य केंद्रे मात्र जिल्हा परिषदेची असतात.

या उतरंडीचे मूळ सर जोसेफ भोर यांच्या समितीत आहे. नाशिकला जन्मलेले आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेले भोर हे सनदी अधिकारी होते. त्यांच्या समितीचा अहवाल 1946 साली आला. दीर्घ पल्ल्याच्या आराखड्यात समितीने प्राथमिक केंद्रालाच 75 खाटा, मधल्या पायरीच्या रुग्णालयाला 650 आणि जिल्ह्याला 2,500 खाटा सुचवल्या होत्या. पुढे पायऱ्या राहिल्या, खाटा मात्र फार कमी झाल्या. 2005 मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले, 2007 मध्ये सार्वजनिक आरोग्य संस्थांसाठी देशपातळीवरची मानके आली आणि 2012 व 2022 मध्ये ती सुधारण्यात आली. नव्या इमारती आणि वाढीव सोयी या मानकांवर जोखल्या जातात.

पेण आणि रोहा या दोन्ही ठिकाणी रुग्णालयावरचा भार निराळ्या कारणांनी येतो. पेण मुंबई-गोवा महामार्गावर आहे आणि पुढे वडखळ नाक्याला अलिबागचा रस्ता फुटतो, त्यामुळे अपघातातले जखमी आधी इथेच येतात. पेणच्या पश्चिमेला वाशी, वढावचा खारेपाट म्हणजे खाऱ्या जमिनीचा पट्टा, पूर्वेला डोंगरातल्या कातकरी आणि ठाकूर वाड्या. कातकरी कुटुंबे पावसाळा संपला की वीटभट्ट्यांवर जातात, आणि गरोदर बाईची तपासणी अर्ध्यावर सुटते. ती थेट कळा सुरू झाल्यावरच रुग्णालयाच्या दारात येते. रोहा कुंडलिकेच्या काठी आहे. धाटावच्या औद्योगिक वसाहतीतले रासायनिक कारखाने जवळ असल्याने भाजलेल्या किंवा वायू छातीत गेलेल्या कामगारावर पहिले उपचार करण्याची तयारी तिथल्या रुग्णालयाला ठेवावीच लागते.

कोकणात रुग्णालयाची इमारत बांधायची तर पावसापासून सुरुवात करावी लागते. वर्षाला सुमारे 3,000 मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या मुलखात जोते उंच हवे, आणि जनित्र व औषधभांडार पाणी चढणार नाही अशा जागी हवे. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. दक्षिण रायगडात अनेक गावांची वीज कित्येक दिवस गेली होती, तेव्हा जनित्राचे मोल सगळ्यांनाच कळले. 9 जानेवारी 2021 रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात आग लागून दहा अर्भके गेली. त्यानंतर राज्यभरच्या रुग्णालयांच्या अग्निसुरक्षेच्या तपासणीचा प्रश्न ऐरणीवर आला. कोविडच्या लाटांनी प्राणवायूची नळजोडणी आणि स्वतःचा प्राणवायू प्रकल्प हे विषय तालुक्यापर्यंत आणले. नातेवाइकांना रात्री बसायला पडवी आणि बायकांसाठी आतून कडी लागणारे स्वच्छतागृह या गोष्टी नकाशात छोट्या दिसतात, पण त्या नसल्या की वाडीवरची बाई दुसऱ्यांदा येत नाही.

सरकारी भाषेत ग्रामीण रुग्णालयाचे उपजिल्हा रुग्णालय होण्याला श्रेणीवर्धन म्हणतात. इमारत सार्वजनिक बांधकाम विभाग बांधतो, पण पदे वेगळ्या मंजुरीने येतात, आणि श्रेणीवर्धनाचा खरा कस तिथे लागतो. अडलेल्या बाळंतिणीचे उदाहरण घ्या. सीझर करायचे तर स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ एकाच वेळी हजर हवेत, शिवाय रक्ताची सोय हवी. यातला एक जरी रजेवर असला तरी उरलेली सगळी यंत्रणा थांबते आणि चिठ्ठीवर 'पुढे न्या' असे लिहिले जाते. पेणहून अलिबाग सुमारे 30 किलोमीटर. रात्री, पावसात, रक्तस्राव होत असताना हे अंतर फार मोठे असते. म्हणून किती खाटा वाढल्या यापेक्षा किती बाळंतिणी पुढे पाठवाव्या लागल्या नाहीत, हा आकडा अधिक बोलका मानावा. 1 जून 2011 पासूनच्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयातले बाळंतपण, सीझर, औषधे, रक्त आणि ने-आण मोफत आहे. साध्या बाळंतपणानंतर तीन दिवस आणि सीझरनंतर सात दिवस जेवणही मिळते.

साप-विंचवाच्या दंशावरच्या उपचाराला मात्र महागडे यंत्र लागत नाही. फुरसे किंवा घोणस चावल्याचा संशय असेल तर रुग्णाचे दोन मिलिलिटर रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घेतात आणि नळी वीस मिनिटे न हलवता ठेवतात. मग ती कलती करतात. रक्त वाहिले, गोठलेच नाही, तर विष चढले आहे आणि प्रतिविष ताबडतोब द्यायचे. नळी काचेचीच लागते; प्लास्टिकच्या नळीत रक्त वेळेवर गोठत नाही आणि निष्कर्ष चुकतो. लाल विंचवाच्या दंशावरचा उपाय तर याच जिल्ह्यात घडला. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाड परिसरात प्राझोसिन ही स्वस्त गोळी वापरून दाखवली, त्यावरचा त्यांचा लेख 1986 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला आणि 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली. घामाने निथळणाऱ्या, हातपाय गार पडलेल्या मुलाला गोळी देऊन हातपाय गरम होईपर्यंत दर तीन तासांनी ती पुन्हा द्यायची असते. रात्रभर उशाशी बसून नाडी पाहणारी परिचारिका नसेल तर गोळी असून उपयोग नाही.

2012 मध्ये उपचारांच्या खर्चासाठीची राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना पहिल्यांदा ज्या आठ जिल्ह्यांत लागू झाली त्यांत रायगड होता. 2017 पासून तीच महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली. 2021 मध्ये अलिबागला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्याने वरच्या पायरीवरची तज्ज्ञांची सोय वाढली. 15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतले उपचार मोफत आहेत. 108 क्रमांकाची रुग्णवाहिका 2014 पासून चोवीस तास मिळते. साप किंवा विंचू चावल्यास जखम कापू नये, वर घट्ट दोरी बांधू नये, मांत्रिकाकडे वेळ घालवू नये. 108 ला फोन करून थेट उपजिल्हा रुग्णालय गाठावे.