किमान वेतनवाढ : किमती व उत्पादनावरील परिणाम

कामगाराला कायद्याने द्याव्या लागणाऱ्या सर्वांत कमी मजुरीत वाढ झाली, की तिचा भार ग्राहक, मालक किंवा खुद्द कामगार यांच्यापैकी कोणावर तरी पडतो. मजुरी दहा टक्क्यांनी वाढली म्हणून वस्तू दहा टक्क्यांनी महाग होत नाही. उत्पादनखर्चात मजुरीचा वाटा तीस टक्के असेल, तर खर्च तीन टक्केच वाढतो. महागाईची ओरड करणारे हा हिशेब सहसा मांडत नाहीत.

अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात 1 एप्रिल 1992 रोजी किमान मजुरीचा दर ताशी 4.25 वरून 5.05 डॉलर झाला. डेव्हिड कार्ड व ॲलन क्रूगर या अर्थतज्ज्ञांनी तेथील व शेजारच्या पूर्व पेनसिल्व्हेनियातील 410 फास्टफूड उपाहारगृहे तपासली. नोकऱ्या घटल्याचे आढळले नाही. जेवण मात्र पेनसिल्व्हेनियाच्या तुलनेत सुमारे चार टक्क्यांनी महागले. न्यूमार्क व वॉशर या अर्थतज्ज्ञांनी रोजगाराविषयीच्या निष्कर्षाला आव्हान दिले.

हंगेरीचा दाखला अधिक बोलका आहे. तेथे किमान वेतन 2001 मध्ये 25,500 वरून 40,000 फोरिंट व पुढच्याच वर्षी 50,000 फोरिंट झाले. हारास्तोशी व लिंडनर यांच्या अभ्यासानुसार (2019) वाढीचा सुमारे तीन चतुर्थांश भार वाढीव किमतींतून ग्राहकांनी, उरलेला मालकांनी सोसला. रोजगारात घट झाली ती थोडी, आणि तीही मुख्यतः परदेशी मालाशी स्पर्धा असणाऱ्या उद्योगांत, कारण त्यांना भाव वाढवता येत नव्हते.

भारतात किमान वेतन कायदा 1948 मध्ये झाला. येथे कामावर मोजली जाणारी मजुरी निराळा प्रश्न उभा करते. सोलापूर, सिन्नर भागांत विडी वळणाऱ्या बायकांना हजार विड्यांमागे मजुरी मिळते. दर वाढला तरी पान कमी किंवा खराब दिले, तर हजार भरायला पदरचे पान घालावे लागते. वर ‘छाट’ म्हणून जास्त विड्या बाद केल्या, की वाढ परत कारखानदाराकडे जाते. विडीची किंमत व उत्पादन तेवढेच राहते आणि भार सर्वांत गरीब हातांवर पडतो. याची नोंद आकडेवारीत उमटत नाही, म्हणून तपासणी दराइतकीच महत्त्वाची.

उत्पादन गावच सोडून जाते, असेही घडते. 1966 च्या विडी कामगार कायद्याची केरळात अंमलबजावणी होऊ लागताच मंगळूरच्या कारखानदारांनी कन्नूरमधील काम बंद केले व हजारो कामगार बेकार झाले. त्यांनी 1969 मध्ये ‘केरळ दिनेश बीडी’ ही सहकारी संस्था उभारली आणि कायद्याने ठरलेली मजुरी व सवलती देऊन ती चालवली.