नॉर्वेजियन सामासिक नामे : आघात, सूर आणि जोडध्वनी

नॉर्वेजियन भाषेत दोन नामे जोडून नवे नाम घडविण्याची प्रवृत्ती अत्यंत व्यापक आहे. असे सामासिक नाम लेखनात सलग लिहिले जाते. परंतु त्याच्या एकपदत्वाची खरी कसोटी उच्चारात आहे. मुख्य आघात पूर्वपदावर पडतो व उत्तरपदाचा आघात गौण होतो. ‘लामेलोर’ म्हणजे कोकराच्या मांडीचे मांस; तेच ध्वनी दोन स्वतंत्र आघातांनी उच्चारल्यास ‘लुळ्या मांड्या’ असा अर्थ होतो.

बहुतेक बोलींत आघाताच्या जोडीला सुराचा भेदही आढळतो; बर्गेनच्या परिसरातील व उत्तरेकडील काही बोली मात्र त्यास अपवाद आहेत. या भेदाचे मूळ प्राचीन नॉर्समधील अक्षरसंख्येत आहे. येथे अक्षर म्हणजे लिपिचिन्ह नव्हे, उच्चारातील अवयव होय. ‘शेतकरी’ या अर्थाचे अनेकवचन ‘बोन्द्र’ एकाक्षरी होते. ‘घेवड्याचे दाणे’ या अर्थाचे ‘बाउनिर’ द्व्यक्षरी होते. पुढे पहिल्या शब्दात अंत्य रकारापूर्वी स्वर शिरला आणि आज दोन्ही शब्द ‘बोन्नर’ असेच उच्चारले जातात. पहिल्यास पहिला सूर, दुसऱ्यास दुसरा. माग्ने ऑफ्तेडाल यांनी 1952 मध्ये या उत्पत्तीची चिकित्सा केली. अक्षरसंख्येचा भेद लोपला, त्याची खूण सुरात उरली. लेखनात सुरासाठी चिन्ह नाही. समासाचा सूरही बव्हंशी पूर्वपदाच्या घडणीवर अवलंबून असतो. पूर्वपद एकाक्षरी असल्यास मात्र पूर्वेकडील बोलींत दोन्ही सूर संभवतात.

पूर्वपद व उत्तरपद यांच्यामध्ये येणारा ‘स’ किंवा ‘ए’ हा दुसरा अवशेष. दोन्ही ध्वनी जुन्या षष्ठीच्या प्रत्ययांतून आले : ‘स’ एकवचनी, तर ‘ए’ पुष्कळदा अनेकवचनी ‘आ’पासून. ‘बार्नेहागे’ म्हणजे बालोद्यान. ‘बार्न’ म्हणजे मूल. ‘बार्ने’ हे रूप आजच्या विभक्तिविचाराने सिद्ध होत नाही. प्राचीन षष्ठी ‘बार्ना’ समोर ठेवली म्हणजे ते उलगडते. ‘लानमान’ म्हणजे कृषक व ‘लान्समान’ म्हणजे देशबांधव, हा अर्थभेदही केवळ ‘स’कारावर उभा आहे.

तथापि व्युत्पत्ती म्हणजे वर्तमान कार्य नव्हे. ‘वीनग्लास’ म्हणजे मद्याचा पेला; यात ‘स’ नाही. तांबड्या मद्याच्या पेल्यास मात्र ‘रोवीन्सग्लास’ म्हणतात. षष्ठीचा संबंध दोन्हींत सारखाच असता ‘स’ दुसऱ्यातच का यावा? कारण तेथे पूर्वपद स्वतःच समास आहे, आणि ‘स’कार मुख्य विभागणी कोठे आहे हे दाखवितो. संस्कृतातील ‘सरसिज’सारख्या अलुक् समासात सप्तमीचा अर्थ अद्याप जाणवतो, नॉर्वेजियन ‘स’कारातून षष्ठीचा अर्थ पुष्कळदा निघून गेला आहे, आणि रिकामे झालेले रूप नव्या कामी लागले आहे. म्हणून या जोडध्वनींना केवळ षष्ठीप्रत्यय म्हणणे इतिहासदृष्ट्या बरोबर, पण वर्णनदृष्ट्या अपुरे ठरते.