इंदूर : शहर माळव्याचे, पाणी नर्मदेचे

उज्जैनचा महाकालेश्वर आणि ओंकारेश्वर या दोन ज्योतिर्लिंगांच्या यात्रेला निघालेले महाराष्ट्रातील भाविक बहुधा इंदुरात एका रात्रीचा मुक्काम करतात आणि सकाळी पोहे-जिलेबी खाऊन पुढच्या गाडीला बसतात. शहर पाहायचे राहून जाते आणि भोवतालचा मुलूख खिडकीतूनच दिसतो. वास्तविक इंदूर आणि त्याचा परिसर यांचे नाते इतके घट्ट आहे, की एक पाहिल्यावाचून दुसरे समजत नाही. हे नाते मुख्यतः पाण्याचे आहे.

होळकरांचे नगर

अहिल्यादेवी होळकर यांनी १७६७ ते १७९५ या काळात राज्यकारभार पाहिला तो नर्मदाकाठच्या महेश्वरातून. १८१८ मध्ये इंग्रजांशी झालेल्या मंदसोरच्या तहानंतर होळकरांची राजधानी इंदुरात आली आणि शहराचे दिवस पालटले. जुन्या वस्तीच्या मध्यभागी सात मजली राजवाडा उभा आहे. त्याचे खालचे मजले दगडी, तर वरचे लाकडी आहेत. १९८४ च्या दंगलीत लागलेल्या आगीत वाड्याची मोठी हानी झाली. पुढे त्याचे पुनर्बांधकाम करण्यात आले. रंगपंचमीला निघणारी ‘गेर’ ही रंगांची मिरवणूक याच परिसरात येते आणि त्या दिवशी येथे पाय ठेवायला जागा उरत नाही.

राजवाड्यालगतच्या सराफ्यात दिवसा सोन्या-चांदीचा व्यवहार चालतो. रात्री दुकाने बंद झाली, की त्यांच्याच पायऱ्यांपुढे खाद्यपदार्थांच्या गाड्या लागतात. दुधात शिजवलेला मक्याचा कीस, हिवाळ्यात तळलेले गराडू, थाळीएवढा जलेबा आणि दाट शिकंजी यांची चव घेत मध्यरात्र कधी उलटते, ते कळत नाही. येथे जेवून जाण्याची चूक करू नये.

घाटाखालचा निमाड

इंदूर माळव्याच्या पठारावर वसले आहे. खान आणि सरस्वती या येथील नद्या लहान असल्याने वाढत्या शहराला पाणी अपुरे पडू लागले. नर्मदेचे पाणी मिळावे, यासाठी १९७० मध्ये नागरिकांनी आंदोलन केले आणि १९७८ मध्ये ते पाणी शहरात पोहोचले. मंडलेश्वराजवळच्या जलूद येथून सुमारे ७० किलोमीटर अंतर कापून, विंध्य पर्वत चढवून ते वर आणले जाते. सराफ्यातील शिकंजीचा पेला ज्या पाण्याने विसळला जातो, ते असे खालून आलेले असते.

ती नदी पाहायची, तर महूमार्गे घाट उतरावा. १४ एप्रिल १८९१ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा जन्म महू येथे झाला. तेथील स्मारक आवर्जून पाहावे. घाट उतरताच हवा बदलते आणि निमाडचा उष्ण प्रदेश सुरू होतो. महेश्वर इंदूरपासून सुमारे ९० किलोमीटरवर आहे. किल्ल्यातील अहिल्यादेवींची साधी गादी, नदीपर्यंत उतरलेला दगडी घाट आणि हातमागांचा आवाज ही या गावाची ओळख. रेशमी ताणा आणि सुती बाणा असलेली महेश्वरी साडी मागावर विणली जात असताना पाहता येते.

मांडूचे तलाव

महेश्वरहून सुमारे ४० किलोमीटरवर, पुन्हा डोंगर चढून गेल्यावर मांडू लागते. या गडावर नदी नाही. त्यामुळे माळव्याच्या सुलतानांनी पावसाचे पाणी तलावांत आणि विहिरींत साठविले. दोन तलावांमधला जहाजमहाल त्या व्यवस्थेचाच भाग आहे. दक्षिण टोकावर रूपमतीचा मंडप आहे. नर्मदेचे दर्शन घेण्यासाठी राणी रूपमती तेथे येत असे, अशी आख्यायिका आहे. आकाश निरभ्र असेल, तर दूरवर निमाडच्या सपाटीत नदीची रुपेरी रेघ दिसते. आदल्या रात्री शहरात ज्या नदीचे पाणी प्यालो ती हीच, हे त्या उंचीवरून ध्यानात येते. एवढ्यासाठी तरी प्रवासाचा एक दिवस वाढवावा.

कसे जाल, कधी जाल?

मुंबई आणि पुण्याहून इंदूरला थेट रेल्वेगाड्या आणि विमानसेवा आहे. मोटारीने मुंबईहून नाशिक, धुळे, सेंधवा या मार्गाने सुमारे ६०० किलोमीटर अंतर पडते. मांडू पावसाळ्यात सर्वांत देखणे दिसते, मात्र धुके असल्यास नदी दिसत नाही. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वच ठिकाणांसाठी सुखाचा. निमाडातला उन्हाळा टाळावा. शहरासाठी दोन रात्री, तर महेश्वर आणि मांडूसाठी प्रत्येकी एक रात्र ठेवल्यास धावपळ होत नाही.