जठराचा पेसमेकर: तारेकडून बिनतारीकडे

जठराला स्वतःची विद्युत लय असते. मिनिटाला सुमारे तीन लहरी जठराच्या वरच्या भागात उठतात आणि खालच्या दाराकडे सरकतात. सॅन फ्रान्सिस्कोचे डॉ. वॉल्टर अल्व्हारेझ यांनी १९२१ साली ही लय पोटाच्या त्वचेवरून प्रथम टिपली. त्यांच्या वृद्ध रुग्णाच्या पोटाची भिंत इतकी पातळ होती की जठराची हालचाल नुसत्या डोळ्यांनी दिसे, त्यामुळे आलेख आणि हालचाल ताडून पाहता आली.

ही हालचाल मंदावली की अन्न तासन्‌तास जठरात पडून राहते. दोन घासांत पोट गच्च होते, मळमळ थांबत नाही, जेवण कित्येक तासांनी उलटून पडते. जुन्या मधुमेहाने वेगस चेतातंतू दुखावला की हा विकार जडतो. कित्येकांत मात्र कारणच सापडत नाही.

विजेने जठर चालवण्याची कल्पना हृदयाच्या उपचारातून आली. १९५७ साली मिनियापोलिसमध्ये अर्ल बॅकन यांनी बॅटरीवर चालणारा पेसमेकर बनवला, तो शल्यविशारद वॉल्टन लिलेहाय यांच्या गरजेपोटी. त्याच लिलेहायांचे नाव १९६३च्या एका शोधनिबंधावर आहे. बिल्गुते आणि सहकाऱ्यांनी त्यात शस्त्रक्रियेनंतर थंडावलेल्या आतड्यांना विजेचे झटके देण्याचा प्रयोग मांडला. त्यात दिसलेला फायदा नंतरच्या नियंत्रित चाचण्यांत टिकला नाही. हृदयाचा हिशेब पोटाला जसाच्या तसा लागू पडला नाही, हे तेव्हाच दिसले होते.

जठराच्या लयीशी जुळवून घ्यायचे तर प्रत्येक स्पंद शेकडो मिलिसेकंदांचा लागतो आणि त्यात शरीरात बसवलेली बॅटरी लवकर संपते. म्हणून मेडट्रॉनिकच्या ‘एन्टेरा’ यंत्राने दुसरी वाट धरली. त्याचे स्पंद अवघे ३३० मायक्रोसेकंदांचे, दर पाच सेकंदांनी क्षणभर दिले जाणारे. अमेरिकेच्या एफडीएने २००० साली त्याला मानवतावादी सवलतीखाली मर्यादित परवानगी दिली. गंमत अशी की हे यंत्र जठराला हलवतच नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या १७२ रुग्णांच्या फ्रेंच चाचणीत उलट्या कमी झाल्या, पण जठर रिकामे होण्याचा वेग वाढला नाही. परिणाम बहुधा मेंदूकडे जाणाऱ्या संवेदनांवर होतो. ‘पेसमेकर’ हे लोकांच्या तोंडी बसलेले नाव त्यामुळे फारसे खरे नाही.

यंत्राचा खरा जाच तारांचा आणि डबीचा. पोटाच्या त्वचेखाली खिसा करून डबी ठेवायची, जठराच्या भिंतीत दोन तारा टाचायच्या. पुढे तार सुटली, खिशात जंतुसंसर्ग झाला किंवा काही वर्षांनी बॅटरी संपली, की पुन्हा शस्त्रक्रिया. यवतमाळसारख्या जिल्ह्यात या ‘पुन्हा’ला वेगळे वजन आहे. वसंतराव नाईकांच्या नावाचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय इथे १९८९ साली सुरू झाले. तरी विशेष उपचारांसाठी वणीकडचा रुग्ण चंद्रपूर-नागपूरला आणि उमरखेडचा नांदेडला जातो. यवतमाळहून नागपूरच सुमारे १५० किलोमीटर. मजुरी बुडवून वरचेवर तपासणीला जाणे शेतमजुराला परवडत नाही.

बिनतारी यंत्रांचा शोध या जाचातून सुरू झाला. टेक्सास विद्यापीठाच्या आर्लिंग्टन शाखेतील संशोधकांनी एंडोस्कोपीने आत नेता येणारे छोटे उद्दीपक तयार करून त्यावरचे काम २०१२ साली प्रसिद्ध केले. शरीराबाहेरच्या वेटोळ्यातून चुंबकीय क्षेत्राने आतल्या वेटोळ्यात ऊर्जा जाते, त्यामुळे पोट उघडावे लागत नाही. अडचणी नव्या आल्या: दोन वेटोळी जरा सरकली किंवा पोटावर चरबी जास्त असली की ऊर्जा घटते. शिवाय आम्लात, सतत आकसणाऱ्या भिंतीला यंत्र फार काळ चिकटून राहणे कठीण. २०२३ साली अमेरिकेतील एका गटाने गिळता येणारी विद्युत कॅप्सूल डुकरांवर वापरली. तिच्यावरच्या खाचा जठरातला द्रव बाजूला सारतात. ही युक्ती अंगावरच्या खाचांतून पाणी ओढणाऱ्या ऑस्ट्रेलियन सरड्याकडून घेतलेली. त्या प्रयोगात भूक वाढवणाऱ्या घ्रेलिन संप्रेरकाची पातळी वाढली. ही कॅप्सूल मात्र काही काळाने शरीराबाहेर पडते, त्यामुळे वर्षानुवर्षे टिकणाऱ्या रोपित यंत्राची जागा ती घेत नाही.