टॉइनची दांडी, हिलचं नाव

अण्णा, म्हणजे माझे सासरे, पहिल्यांदा अ‍ॅडलेडला आले ते ऐन जानेवारीच्या उन्हात. परसातल्या कपडे वाळत घालायच्या लोखंडी छत्रीभोवती त्यांनी एक फेरी मारली, हँडल फिरवून ती वरखाली करून पाहिली आणि विचारलं, “हा शोध कुणी लावला गं?”

“हिलनं. म्हणून तर हिल्स हॉइस्ट म्हणतात, अण्णा.”

उत्तर चुकलं होतं. लान्स हिलनं आमच्याच शहरात, ग्लेनंगा उपनगरात, १९४५ साली अशी दांडी केली हे खरं. पण फिरत्या दांडीची पेटंटं जीलाँगचा गिल्बर्ट टॉइन १९११ पासून घेत होता आणि हँडलनं वरखाली करणारी दातेरी चाकांची रचना त्याच्या १९२५ च्या पेटंटात होती. पेटंट टॉइनचं, पण लोकांच्या तोंडी बसला हिल. शेपर्टनच्या जॉन फर्फीचं नशीब तर त्याहून अजब. त्यानं पाण्याच्या गाड्या केल्या, पहिल्या महायुद्धात त्या लष्करी छावण्यांत गेल्या, सैनिक तिथं पाणी भरता भरता गप्पा हाणू लागले आणि ‘फर्फी’ म्हणजे इथल्या इंग्रजीत चक्क अफवा झाली.

पोटापाण्यासाठी मी कागदपत्रांची भाषांतरं करते, त्यामुळे अण्णांचा प्रश्न मला शब्दाशीच अडवून गेला. आपल्याकडे हरवलेल्या पोराचाही शोध आणि वाफेच्या इंजिनाचाही शोध. फरक करायचा तो क्रियापदानं. शोध घेतला, शोध लावला, शोध लागला. त्यातलं ‘लागला’ मोठं सोयीचं. त्याला लावणारा लागतच नाही.

अण्णांना मग मी आखाताला वळसा घालून आर्ड्रॉसनला नेलं. यॉर्क द्वीपकल्पावरची ही जमीन मॅली झाडीची. झाड तोडलं तरी मुळांचे गड्डे मातीत राहतात आणि नांगर त्यांवर आपटून मोडतो. १८७६ मध्ये रिचर्ड बोयर स्मिथनं असा नांगर केला की फाळ गड्ड्यावरून उडी मारून पलीकडे पुन्हा मातीत शिरतो. नांगराचा एक बोल्ट तुटला, सुटलेला फाळ आपसूक गड्ड्यावरून गेला आणि त्यावरून ही कल्पना सुचली, असं सांगतात. म्हणजे शोध लावला की लागला? श्रेयावरून पुढं वाद झाला. भाऊ क्लॅरेन्सनं नांगर सुधारला होता, इतरही दावेदार होते. शेवटी १८८२ मध्ये वसाहतीच्या संसदेनं रिचर्डला मूळ शोधक ठरवून ५०० पौंड दिले. नांगराचं नाव मात्र कुणाच्याच आडनावावर गेलं नाही. ‘स्टंप-जंप’, म्हणजे बुंधा-उडी. मला हे नाव फार आवडतं. आपल्या समित्यांनी बारसं केलं असतं तर ‘अवरोधोल्लंघक’ झालं असतं. अण्णा जन्मभर किर्लोस्करांच्या लोखंडी नांगरामागं चाललेले. ते म्हणाले, “आमच्याकडं दगडाला असं उडणारा पाहिजे होता.”

शोध कुणी लावला, हाच प्रश्न पुढं कोर्टातही गेला. अमेरिकेतल्या स्टीफन थेलर यांनी ऑस्ट्रेलियात पेटंट मागितलं आणि शोधकाच्या जागी आपल्या ‘डॅबस’ या संगणक-प्रणालीचं नाव लिहिलं. जुलै २०२१ मध्ये फेडरल कोर्टाचे न्यायमूर्ती बीच यांनी व्याकरणच काढलं. इंग्रजी ‘इन्व्हेंटर’ हा कर्तृवाचक शब्द आहे आणि कर्ता वस्तूही असू शकते. उदाहरणांत कॉम्प्युटर, डिशवॉशर आणि गवत कापायचं यंत्रही होतं. वाचताना मला आपला ‘क’ आठवला. चालक हा माणूस, पण तापमापक आणि दिशादर्शक या वस्तूच की! व्याकरणापुरतं न्यायमूर्तींचं पटलं. पण तापमापक चुकला तर आपण तो बदलतो, त्याला जाब विचारत नाही. टॉइन आणि हिल, दोघांनाही विचारता आला असता.

एप्रिल २०२२ मध्ये पूर्ण पीठानं तो निकाल फिरवला आणि नोव्हेंबरात हायकोर्टानं पुढचं अपील ऐकायला नकार दिला. ऑस्ट्रेलियात पेटंटाच्या अर्जावर शोधक म्हणून आजही हाडामांसाच्या माणसाचंच नाव लागतं.