एका साच्यातल्या दहा लिप्या

पेशव्यांच्या दप्तरातील कारकुनास पत्राचा मायना दर वेळी नव्याने जुळवावा लागत नसे. पत्र कोणत्या मानाच्या गृहस्थाकडे जावयाचे ते एकदा मुक्रर झाले, म्हणजे ठरलेल्या मायन्यात नाव तेवढे घालून तो मजकुराकडे वळत असे. संगणकाच्या आज्ञावलीतही अशीच एक जागा रिकामी राखावी, क्रम लावण्याची किंवा शोध घेण्याची रीत एकदाच नीट मांडावी आणि ती आकड्यांना लावावयाची की नावांना, याचा निर्णय वापरणाऱ्यावर सोपवावा, ही कल्पना बियार्ने स्ट्रॉस्ट्रुप यांनी आपल्या सी प्लस प्लस या भाषेकरिता १९८८ साली जाणकारांपुढे ठेवली. तिच्या आधाराने अलेक्झांडर स्टेपानॉव्ह आणि मेंग ली यांनी ह्यूलेट-पॅकार्डच्या प्रयोगशाळेत पुनःपुन्हा वापरता येणाऱ्या सुट्या भागांचे जे भांडार रचले, ते १९९४ च्या जुलैत त्या भाषेच्या प्रमाण मसुद्यात दाखल झाले.

ही झाली परदेशची हकीकत. त्याच १९८८ साली पुण्यात, गणेशखिंडीतल्या ज्या आवारात एकेकाळी मुंबईच्या गव्हर्नराचा पावसाळी मुक्काम पडत असे त्या विद्यापीठाच्या आवारात, सी-डॅक ही संस्था उभी राहिली. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली सिद्ध झालेल्या ‘परम’ या महासंगणकामुळे तिचे नाव सर्वतोमुखी झाले. परंतु सामान्य मराठी माणसाच्या हातापर्यंत जे पोहोचले, ते तेथलेच दुसरे, काहीसे अबोल काम होते, असे मला वाटते. कानपूरच्या आयआयटीत प्राध्यापक आर. एम. के. सिन्हा यांच्या मार्गदर्शनाखाली रुजलेले ‘जिस्ट’ हे भारतीय लिप्यांचे तंत्र मोहन तांबे यांच्याबरोबर पुण्यास आले, आणि संगणकात खोचावयाच्या एका कार्डाच्या रूपाने कचेऱ्यांच्या मेजांवर जाऊन बसले.

या तंत्राच्या मुळाशी जो सांकेतिक जाबता होता, त्यास ‘इस्की’ म्हणतात. भारतीय मानक म्हणून त्याला १९९१ साली सनद मिळाली. एका अक्षराला संगणकात २५६ घरांपैकी एक घर मिळे. त्यांतली पहिली १२८ इंग्रजीकडे गेलेली, म्हणजे उरलेल्या अर्ध्या वाड्यात देवनागरी, बंगाली, असमिया, गुजराती, गुरुमुखी, उडिया, तेलुगू, कन्नड, मल्याळम आणि तमिळ अशा दहा लिप्यांचा संसार मांडावयाचा होता. तो मांडता आला याचे श्रेय मी प्रथम प्राचीन शिक्षाकारांना देईन. कारण कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य असा वर्णांचा उच्चारानुसारी क्रम त्यांनी लावून ठेवला होता, आणि ब्राह्मीपासून निघालेल्या सर्व लिप्यांनी, आकार कितीही पालटले तरी, तो मोडला नव्हता. तेव्हा ‘क’ या ध्वनीला १७९ वे घर दिले, ते दहाही लिप्यांत तेच राहिले. ‘क्ष’ला निराळे घर नाही: क, हलन्त आणि ष अशी तीन चिन्हे ओळीने साठवावयाची, आणि त्यांचे जोडाक्षर कसे काढावयाचे ते त्या त्या लिपीच्या नियमांवर सोपवावयाचे. मजकुराआरंभी लिपी सांगणारे एक चिन्ह येई. ते बदलले की नागरीतील नामावळी तेलुगूत उभी राही. शोध घेण्याची रीत एकदाच लिहावी, ती दहा ठिकाणी चालावी! स्ट्रॉस्ट्रुप यांनी जी जागा वस्तूच्या जातीसाठी रिकामी राखली, ती येथे लिपीसाठी राखलेली होती.

सामान्य साचा केला की अपवादांची तजवीज करावीच लागते. आचार्यांचा मान आचाऱ्यांना मिळाला तर पंक्तीला आनंदच होईल, पण मुद्रितशोधकाला होणार नाही. आणि हा भेद ज्यावर तोललेला आहे ती रफाराची दुसरी तऱ्हा हिंदीस ठाऊक नाही. इस्कीने तिच्यासाठी नवे घर न बांधता, दक्षिणेकडील लिप्यांच्या गरजेने आलेल्या ‘ऱ’लाच हलन्त जोडून मराठीची सोय लावली. ही युक्ती मला सर्व जाबत्यात अधिक मार्मिक वाटते.

दोष होता तो त्या आरंभीच्या चिन्हात. मजकुराचा मधला तुकडा उचलून दुसरीकडे नेला की चिन्ह मागे राही, आणि १७९ हा आकडा नागरी ‘क’ की कन्नड, हे सांगावयास कोणी उरत नसे. १९९१ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या युनिकोडने म्हणून प्रत्येक लिपीला १२८ घरांची स्वतंत्र पेठ दिली. एका साच्याचे वैभव त्यामुळे गेले, हे खरे. तरी तो निर्णय योग्यच होता, असे म्हटले पाहिजे. मात्र पेठांमधील घरांची मांडणी इस्कीच्या आधीच्या, १९८८ सालच्या आवृत्तीवरूनच उचललेली असल्यामुळे, आज आपल्या भ्रमणध्वनीत नागरी ‘क’ २३२५ व्या, बंगाली २४५३ व्या, गुजराती २७०९ व्या आणि तेलुगू ३०९३ व्या घरात राहतो, आणि यांतील कोणत्याही दोहोंमधील अंतरास १२८ ने निःशेष भाग जातो.